कवडसे

उस्ता नेमतुल्लाह टाळूने चालायचा.
बाजाराच्या छताला घुमटामागून घुमट,
प्रत्येक घुमटाला एक भोक,
भोकातून उन्हाचा कवडसा.
तो डोक्यावर पडला की म्हणायचा, सात.
मग सावली.
मग, आठ.
जुम्मा मशिदीच्या पायरीपासून
निळ्या मशिदीच्या मैदानापर्यंत दोनशे अकरा.
ढगाळ दिवशी आम्ही निघतच नसू.

मी अकरा वर्षांचा,
बापाच्या मसाल्याच्या दुकानातून
दर गुरुवारी तासाभरासाठी उसना दिलेला.
काम एवढंच, की मागून हातगाडी आली,
हमाल 'या अल्ला, या अल्ला' ओरडू लागला,
की उस्ताची बाही ओढून त्याला भिंतीशी घ्यायचं.
बाकी रस्ता त्यानेच मला दाखवला.

म्हणायचा, जुनी मशीद नुसती विटांची.
आडव्या-उभ्या विटा लावल्या
आणि नक्षी सावलीकडून काढून घेतली.
आणि ती निळी?
ती नवी रे. चारशे वर्षांचं पोर. अजून नटतं.

त्या पोराला नटवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती,
गळून पडलेल्या फरशांच्या जागी
नव्या कापून बसवत.
मग एक दिवस काळा आणि निळा त्याला सारखेच दिसू लागले.
मग सगळंच निळं.
मग तेही नाही.

बावीस. वाळल्या लिंबांचा वास, हळद,
आतून माझ्या बापाचा खोकला.
साठच्या पुढे ओल्या लोकरीचा दर्प.
मग कापडावर ठसे मारणाऱ्यांची गल्ली,
मूठ ठशावर, धप्प, सरकव, धप्प,
आणि एकशे चौदा नि एकशे पंधराच्या मध्ये
फरामर्झ तांबट.

दोन हलके, एक जड.
टिक टिक ठण्ण.
उस्ता तिथे काठी टेकून उभा राहायचा.
बोलणं नाही. चाळीस वर्षांत
दोघांनी चाळीस वाक्यं खर्चली असतील.
कल्हईचा धूर, नवसागराचा झोंबरा वास,
तेवढ्यावर भागायचं.

मोहरमनंतरच्या पहिल्या गुरुवारी फळी लागलेली होती.
मी म्हणालो, भाचीच्या लग्नाला काशानला गेलाय.
दुसऱ्या गुरुवारी म्हणालो, हात भाजलाय.
तिसऱ्या गुरुवारी फळी निघाली होती,
आत एक पोरगा मोबाइलची कव्हरं टांगत होता.
मी म्हणालो, आज, आज जरा,
आणि पुढे काही सुचेना.

उस्ता कवडश्यात उभा.
टकलावर उन्हाचा रुपया.
म्हणाला, एकशे चौदा.
म्हणाला, भाचीच नव्हती त्याला.
एकुलता एक होता.
मग माझी मान चाचपली, कान धरला,
पिळला मात्र नाही.
म्हणाला, नवसागराचा वास भिंतीतून जायला
तीन आठवडे लागतात. आज गेला.

पुढचे त्याने मोजले नाहीत. मी मोजले.
एकशे नव्वदनंतर माझीही गफलत झाली.

निळ्या मशिदीत मोठ्या घुमटाखाली
एक काळा दगड आहे. त्यावर उभं राहून
प्रवासी टाळ्या वाजवतात,
घुमट त्या परत देतो, ते हसतात, फोटो काढतात.
उस्ताने त्यांना हसू दिलं. जाऊ दिलं.
चपला माझ्या हातात दिल्या,
अनवाणी तळव्याने दगड शोधला,
थोडा डावीकडे सरकला,
आणि काठी आपटली.

टिक टिक ठण्ण.

वरून आलं, टिक टिक ठण्ण.
पुन्हा, जरा बारीक.
पुन्हा.
मला सात ऐकू आले.
चल उस्ता, म्हणालो, बाप वाट बघत असेल.

त्याने बोट वर केलं.
थांब.
अजून येतंय.